आठाचे एक हजार आठ

कागदावर पोट भरणाऱ्या माणसांविषयी कोंडीराम बोराट्याचं मत फार पूर्वीच बनलं होतं आणि पुढे त्यात सुताइतकाही फरक पडला नाही. ज्याच्या हाताला काळं लागत नाही त्याच्या शब्दाला वजन नसतं, हे ते मत. चिंचवडच्या तिकोना मशीन टूल्स या कारखान्यातला तो सगळ्यात जुना फिटर. मोशीहून सायकलीवर यायचा, पहिल्या भोंग्याच्या आधी दहा मिनिटं हजर असायचा. ऑफिसच्या काचेआड चहा पीत बसलेल्या मंडळींकडे जाता जाता असा बघायचा, जणू कुणी दारात उष्टी पत्रावळ टाकून गेलंय.

हा तोरा फुकटचा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. तिकोनात लोखंड कातणारे लेथ तयार व्हायचे. लेथचा बेड, म्हणजे ज्यावर सगळं यंत्र सरकतं तो लोखंडी पाया, मशीनवर कितीही घासून आणला तरी शेवटचा हात माणसाचाच लागतो. सपाट पट्टीला निळा रंग फासायचा, ती बेडवर फिरवायची, जिथं उंचवटा तिथं निळं लागतं, तेवढंच स्क्रेपरनं खरवडायचं. पुन्हा रंग, पुन्हा पट्टी, पुन्हा खरवडणं. एका बेडला अकरा दिवस. कोंडीरामची उजवी करंगळी ऐन तारुण्यात पट्ट्यात सापडून अर्धी गेली होती, त्यामुळे त्याचा हात जरासा कलायचा, आणि त्याच्या खरवडण्याच्या चंद्रकोरी सगळ्या एका अंगाला झुकलेल्या पडायच्या. बेड कुणाचा ते शॉपमधला कुणीही लांबून सांगायचा.

यंत्र पुरं झालं की त्याच्या पाटीवर नंबर ठोकायचा मानही त्याचाच होता. शून्यापासून नऊपर्यंतच्या आकड्यांचे पोलादी ठसे, म्हणजे पंच, एका लाकडी पेटीत असत आणि पेटीची किल्ली त्याच्या कंबरेला. चौदा वर्षांत त्याच्या हातून एक आकडा चुकीचा पडला नव्हता. तो म्हणायचा, ‘पाटी बदलता येती. पर लोकं एकदा म्हनाली, कोंडीबाचा हात चुकला, की ते कुनाला बदलता येत न्हाई.’ सत्त्याहत्तरच्या दिवाळीला तो निवृत्त होणार होता. ही चौदा वर्षांची कोरी पाटी घेऊन घरी जायचं, एवढीच त्याची हाव होती.

शहात्तर सालच्या जानेवारीत कारखान्याला परदेशातली पहिली ऑर्डर मिळाली. नैरोबीच्या एका वर्कशॉपला नव्या मॉडेलचा एक लेथ हवा होता. या मॉडेलचे तोवर सात लेथ झाले होते, हा नुकताच पुरा झालेला आठवा. ऑफिसात पेढे वाटले गेले. मालक अर्जुनराव हे मुळात विटांचे ठेकेदार. लोखंडाशी त्यांची ओळख तिजोरीपुरती. पण त्या दिवशी ते असे चालत होते, जणू आफ्रिकेत रेल्वे ह्यांनीच घातली.

दुसऱ्या दिवशी आयात-निर्यात अधिकारी गुरुदत्त खांबेटे खाली शॉपमध्ये उतरले. उतरले म्हणजे काय, पँटची शिवण चिमटीत धरून, तेलाची डबकी चुकवत, बगळ्यासारखे आले. त्यांनी कोंडीरामपुढे एक चिठ्ठी धरली. ‘पाटीवर क्रमांक १००८ ठोकावा. गु. खांबेटे.’

‘रजिस्टरात आठ हाय,’ कोंडीराम म्हणाला.

‘रजिस्टर आमचं आहे, आम्ही बघून घेऊ. आठ नंबर पाहिला की तिकडचा माणूस म्हणेल, ह्यांनी उभ्या जन्मात आठच लेथ केलेत. मालकसाहेबांनी विचार करून आकडा काढलाय. शुभ आहे.’

‘म्हंजे पोरगं पाळन्यात, आन् वय सांगायचं चाळीस.’

‘तुम्ही ठोका हो बोराटे. अक्कल चालवायचा पगार आम्हाला मिळतो.’

कोंडीरामनं ठोकला. चारही आकडे एका ओळीत, एका खोलीचे, जसे पडायला हवेत तसे. मग हाताला बेडचा निळा रंग लागला होता तो त्यानं त्याच चिठ्ठीनं पुसला आणि चिठ्ठीचा बोळा भंगाराच्या डब्यात टाकला. कागद म्हटला की त्याची तेवढीच किंमत. ऑफिसातल्या शिपायानंसुद्धा ती चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली असती, कारण कागदाच्या जगात राहणाऱ्याला माहीत असतं की कागद हीच तलवार आणि ती उशाला घेऊनच झोपायचं. कोंडीरामला ते ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची त्याला लाज वाटत होती. इथं तो चुकला.

लेथ गेला. जाताना गोदीत कुणी पेटी उघडली नाही. कस्टमला द्यायचं शिपिंग बिल, म्हणजे काय माल बाहेर चाललाय त्याचा कागद, टायपिस्टनं इमानेइतबारे कारखान्याच्या रजिस्टरावरून टाइप केलं. त्यात यंत्राचा क्रमांक पडला आठ. नैरोबीला गेलेलं बिल खांबेट्यांनी स्वतः केलं, त्यात पडला एक हजार आठ. एका यंत्राची दोन नावं दोन दिशांना गेली आणि ज्यांना अक्कल चालवायचा पगार मिळत होता त्यांच्यापैकी एकाच्याही ध्यानात ते आलं नाही.

सप्टेंबरात लेथ परत आला. पेटी करताना खरेदीखात्यानं काटकसर म्हणून ओलं लाकूड वापरलं होतं. बोटीवर ते फाकलं, खारं पाणी आत गेलं आणि बेड गंजला. नैरोबीच्या माणसानं सहा महिने कसाबसा चालवला आणि मग सभ्य भाषेत लिहिलं, की हा दुरुस्त करून पाठवा, नाहीतर आपला राम राम.

तेव्हा खांबेट्यांचं पुस्तक बाहेर निघालं. हे पुस्तक सगळ्या कारखान्यानं बघण्यासारखं होतं. दिल्लीहून नियमांतल्या दुरुस्त्या यायच्या. खांबेटे त्या कातरीनं कापून डिंकानं आपापल्या जागी चिकटवायचे. दुरुस्तीवर दुरुस्ती, तिच्यावर आणखी एक. पुस्तक गरोदर म्हशीसारखं फुगलं होतं, मिटायचं नाही, वर पेपरवेट ठेवावा लागे. त्यातच त्या वर्षी टॅरिफच, म्हणजे शुल्काचं कोष्टकच, नवं लागू झालं आणि जुनी सगळी कलमं नव्या नंबरांखाली गेली. खांबेटे महिनाभर डिंकाच्या वासात बसून होते आणि घरी जाताना लढाईवरून आल्यासारखे थकलेले दिसत.

‘आमचा इंच म्या आधी व्हतो त्या खडकीच्या कारखान्यात व्हता तेवढाच हितं हाय,’ कोंडीराम शॉपमध्ये म्हणाला. ‘ह्येंचा नियम दर आमुशेला कूस बदलतो.’ सगळे हसले. तोवर हसायला हरकत नव्हती.

नियम तसा साधा होता. इथं बनलेला माल दुरुस्तीला परत आला तर शुल्क न भरता सोडवता येतो. ठरल्या मुदतीत तो पुन्हा बाहेर पाठवू असा बाँड लिहून द्यायचा. आणि हा तोच माल आहे अशी कस्टमची खात्री पटवायची. खात्री पटली नाही, तर तो परदेशातून आलेला लेथ ठरणार. त्याला आयातीचा परवाना लागणार, परवाना नाही म्हणून जप्ती, आणि जप्तीनंतर लिलाव. आता कस्टमच्या माणसानं पेटी उघडली तर पाटीवर १००८, हातातल्या कागदावर आठ. त्यानं पेटी बंद करून बाजूला ठेवायला लावली. त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

खांबेट्यांनी कोंडीरामला जीपमध्ये घातलं आणि मुंबईला नेलं. का नेतायत ते सांगितलं नाही. कोंडीरामला वाटलं, यंत्र ओळखायला कुणीतरी जाणता माणूस लागत असेल. त्यानं आपला स्क्रेपर फडक्यात गुंडाळून बरोबर घेतला. खंडाळ्याचा घाट उतरेपर्यंत तो खुशीत होता. ऑफिसवाल्यांना शेवटी त्याचे पाय धरायला यावं लागलं होतं.

गोदीतल्या शेडमध्ये भिंतीवर ‘बातें कम, काम ज़्यादा’ असा बोर्ड होता आणि त्याखाली चार माणसं बोलत उभी होती. माल तपासणारा अप्रेझर हा चष्मेवाला, सावळा, कमी बोलणारा गृहस्थ होता. कोंडीरामनं येतानाच ठरवून टाकलं होतं की हा मूर्ख असणार. पण अप्रेझरनं पेटीचं झाकण काढायला लावलं, वाकून बेड पाहिला आणि विचारलं, ‘बोराटे, हे तुमचंच यंत्र कशावरून?’

प्रश्न बरोबर होता. कोंडीरामला जरा वाईटच वाटलं. गंज अंगठ्यानं घासून त्यानं त्याला झुकलेल्या चंद्रकोरी दाखवल्या, आपली अर्धी करंगळी दाखवली. मग शेडच्या कोपऱ्यातला एक लोखंडी तुकडा घेऊन, गुडघ्याखाली दाबून, त्यानं स्क्रेपर चालवला. दहा मिनिटांत तुकड्यावर तशाच कोरी उमटल्या, त्याच अंगाला कललेल्या. अप्रेझरनं खिशातून भिंग काढलं. एकदा तुकडा पाहिला, एकदा बेड, पुन्हा तुकडा.

‘मला पटलं,’ तो म्हणाला. ‘यंत्र तुमचंच आहे. पण मला पटून उपयोग नाही. फाइलीला काय लावू? तुमची करंगळी?’

कोंडीरामनं करंगळी मुठीत घेतली.

‘कागदावर आठ, पाटीवर एक हजार आठ. दोन्हींपैकी एक आकडा चुकलेला आहे. कुणी चुकवला आणि कसा, ते प्रतिज्ञापत्रावर आलं तर मी वर पाठवू शकतो. नाहीतर माझा नाइलाज आहे.’

‘साहेब, पाटीवर नंबर हेच ठोकतात,’ खांबेटे चटकन म्हणाले. आणि कोंडीराम तोंड उघडायच्या आत त्यांनी त्याला दंडाला धरून चहाला म्हणून बाहेर काढलं. एरवी ज्या दंडाचं तेल लागेल म्हणून दोन हात लांब राहायचे, तो दंड त्या दिवशी त्यांनी घट्ट धरला होता.

‘तुमी चिठ्ठी दिलती,’ कोंडीराम बाहेर आल्यावर म्हणाला.

‘कुठली चिठ्ठी?’

‘तुमच्या सहीची.’

‘असेल तर दाखवा. मी आत्ता जाऊन साहेबांना देतो.’

कोंडीरामनं आपल्या बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडेला निळं होतं, ते कधीच जात नसे. चिठ्ठी नऊ महिन्यांपूर्वी भंगारात गेली होती, तिनं हीच बोटं पुसली होती.

खांबेट्यांचा आवाज मऊ झाला. ‘हे बघा बोराटे, मालकांनी नंबर फुगवला असं कंपनी कशी लिहून देणार? कंपनीची अब्रू आहे. तुमचं काय, माणसाच्या हातून चूक होते. हा कागद इथल्या फाइलीत पडून राहील, चिंचवडला कुणाला कळणारही नाही. आणि नाही केलंत, तर लिलाव होईल. भंगारवाला नेईल आणि घणानं फोडेल. बघा बुवा.’

कोंडीरामला खांबेट्यांची किळस आली. पालीची येते तशी. पण पेटीतला तो बेड त्यानं नुकताच पाहिला होता, अकरा दिवसांचा, गंजानं खाल्लेला. दोन दिवस नीट हात फिरवला तर तो बरा होणार होता. त्याच्यावर तो घण पडू देणार नव्हता. रस्त्याच्या कडेला झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसलेल्या माणसानं पाच मिनिटांत कागद काढून दिला. कोंडीराम चौथीपर्यंत शिकला होता. त्यानं ओठ हलवत वाचलं. ‘मी, कोंडीराम बोराटे, माझ्या निष्काळजीपणाने…’

‘ह्यो शब्द काढा.’

‘तो काढता येत नाही,’ टाइपवाला म्हणाला. ‘नमुनाच तसा आहे.’

नमुना! चौदा वर्षं ज्यानं केसाच्या जाडीचा फरक सोडला नाही, त्याच्यासाठी एका झाडाखालच्या माणसाकडे तयार नमुना होता. कोंडीरामनं सही केली. परतीच्या वाटेवर खांबेट्यांनी लोणावळ्याला चिक्की घेतली.

खांबेट्यांनी शब्द पाळला नाही, पण त्यात दुष्टपणाही नव्हता. दुष्टपणाला निदान थोडी बुद्धी लागते. प्रत्येक कागदाच्या पाच प्रती काढून पाच फाइलींना लावायच्या ही त्यांची सवय. तशी प्रतिज्ञापत्राची एक प्रत आपसूक कामगार खात्यात गेली. तिथल्या माणसानं ती वाचली, नियमाचं पुस्तक उघडलं आणि कबूल केलेल्या निष्काळजीपणाबद्दल कामगाराला मेमो द्यायचा असतो हे त्यात लिहिलेलं असल्यामुळे मेमो दिला. मेमोची प्रत नोटीस बोर्डावर लावायची असते, म्हणून लावली. एवढ्या सगळ्यात कुणी एकानंही मान वर करून विचारलं नाही, की कोंडीराम बोराटे, आणि चुकीचा आकडा?

बोर्डासमोर गर्दी झाली. दुसऱ्या दिवसापासून त्याला नवं नाव मिळालं. ‘श्री श्री एक हजार आठ कोंडीराम महाराज आले, वाट सोडा!’ वेल्डिंगवाला भैरू रोज सकाळी फाटकात हात जोडून उभा राहायचा. कॅन्टीनमध्ये कुणीतरी त्याच्या ताटात जास्तीचा भात वाढायला लावला, ‘महाराजांचा नैवेद्य’ म्हणून. हे सगळे तेच लोक, जे वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर ऑफिसला हसत आले होते. तुच्छतेची चटक वाईट. खायला दुसरं काही मिळालं नाही की ती घरातल्यालाच खाते.

गोष्ट मोशीला पोचायला आठवडा लागला. सरूबाईनं भाकरी थापता थापता नवऱ्याला विचारलं, ‘तुमचा हात चुकला म्हनत्यात. खरं हाय का?’

‘न्हाई.’

‘मंग सही का केली?’

‘मशिनीसाठी.’

‘मशिन येनार हाय का तुमची बाजू घ्यायला?’ ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. त्या रात्री तो अर्ध्या भाकरीवर उठला.

प्रतिज्ञापत्रावर लेथ सुटला. कोंडीरामनं बेड पुन्हा केला, दोन दिवस म्हणता पाच दिवस लागले. चूक कबूल झाली होती म्हणून ती दुरुस्त करणंही आलं. जुनी पाटी काढली आणि त्यानं नव्या पाटीवर आठ ठोकला. ‘शून्यं मोजून घ्या, महाराज,’ मागून कुणीतरी म्हणालं. कोंडीरामनं मागं बघितलं नाही. मान खाली घालून जगायची त्याला सवय नव्हती, मानेची शीर दुखायला लागली.

डिसेंबरात लेथ कोरड्या सागवानी पेटीतून गेला. फेब्रुवारीत, नैरोबीचा माल जिथं उतरतो त्या मोंबासा बंदरातून तार आली.

नैरोबीच्या माणसानं यंत्र घ्यायला नकार दिला होता. त्याच्याकडचं बिल १००८ नंबरचं, त्याच्या बँकेतला कागद १००८ चा, त्याच्या देशाच्या कस्टमची नोंदही १००८ ची. आणि पेटीतून निघाला आठ. त्यानं सरळ विचारलं होतं, की माझा हजाराच्या वरचा नवा लेथ ठेवून घेऊन हा कुठला जुनापुराणा आठ नंबरचा माझ्या गळ्यात मारता? ज्या आठाची अर्जुनरावांना लाज वाटली होती, तोच आठ समुद्र ओलांडून त्यांच्या थोबाडीत बसला होता. शिवाय मुंबईचा बाँड अजून उभाच होता. माल परदेशी पोचून घेतला गेल्याशिवाय तो मिटायचा नव्हता, आणि यंत्र तिथून पुन्हा परत आलं तर कुठल्या तोंडानं कस्टमपुढे जायचं, हे खांबेट्यांच्या पुस्तकात कुठल्याच चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.

अर्जुनरावांनी कोंडीरामला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. तो बसला नाही, ढुंगणाचं तेल लागेल म्हणाला. खांबेट्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. दुसरं प्रतिज्ञापत्र. मूळ नंबर १००८ च होता आणि दुरुस्तीच्या वेळी बोराट्यानं चुकून दुसऱ्या यंत्राची पाटी लावली, असा मजकूर. कोंडीरामनं ओठ हलवत पहिली ओळ वाचली. ‘मी, कोंडीराम बोराटे, माझ्या निष्काळजीपणाने…’

तो हसला. मोठ्यानं, पोट धरून हसला.

‘हसायला काय झालं?’ अर्जुनराव म्हणाले.

‘पयल्या कागदात म्या हजार आठ चुकून ठोकला. ह्या कागदात म्या आठ चुकून लावला. म्हंजे म्या जे केलं ते चुकलंच, आन् तुमी कायबी केलं न्हाई. लई ग्वाड हाय.’

‘बोराटे, दिवाळीपर्यंत नोकरी आहे तुमची. विसरू नका.’

‘दिवाळी लांब हाय, साहेब. मशिन आज मोंबाशात पडलीया.’

अर्जुनराव खांबेट्यांकडे बघायला लागले आणि खांबेटे पेपरवेटकडे. कोंडीरामनं त्या दोघांना नीट बघून घेतलं. एवढी वर्षं त्याला वाटत होतं की ह्या माणसांकडे काहीतरी असेल, आपल्याला न कळणारं, त्याशिवाय का ती काचेआड बसतात? काही नव्हतं. पोकळ ओतकामावर टिचकी मारली की जसा आवाज येतो, तसे ते दोघं होते.

‘सही पायजे तर द्या लिहून,’ तो म्हणाला. ‘खरं काय ते. यंत्र त्येच हाय, नंबर आठच व्हता, हजार आठ मालकाच्या हुकमानं ठोकला. आन् कोंडीराम बोराट्याचा हात चुकल्याला न्हाई. येक कागद नैरोबीला जाऊ द्या, येक मला. मराठीत.’

‘वेडे आहात का?’ खांबेटे ताडकन म्हणाले. ‘असं लेखी कोण देतं?’

‘तुमीच शिकिवलं. असंल तर दाखवा म्हनला व्हता.’

‘आणि नुसत्या पत्रावर तो माणूस विश्वास ठेवील?’

‘त्येंच्याकडंबी येक फिटर असंल ना? सा महिने त्यानं चालीवलाय त्यो बेड. त्येला म्हनावं, चंद्रकोरी कुन्या अंगाला झुकल्यात ते बघ. त्यो सांगंल. तुमचं पुस्तक नगं त्येला.’

दोन दिवस केबिनचं दार बंद राहिलं. दुसरा फिटर आणून दुसरी सही घेता येईल का, याचाही विचार झाला असणार. पण पहिल्या कागदावर नाव कोंडीरामचं होतं आणि कागदाच्या माणसांना कागदाचीच भीती असते. तिसऱ्या दिवशी मोंबासाहून दुसरी तार आली, पहिलीपेक्षा कमी सभ्य. त्या दुपारी अर्जुनरावांनी पत्रावर सही केली. नैरोबीला इंग्रजीत एक, आणि कोंडीरामला मराठीत एक.

आठ दिवसांनी उत्तर आलं. तिथल्या फिटरनं गोदीत जाऊन पेटी उघडली होती. बेडवर हात फिरवला आणि म्हणाला, हा माझाच लेथ आहे, फक्त आता पहिल्यापेक्षा बरा झालाय. त्याच्या शब्दावर गिऱ्हाइकानं आपल्या कस्टमकडे नंबर दुरुस्त करून घेतला आणि माल सोडवला. तो फिटर कोण, काळा की गोरा, कुठल्या देवाला मानणारा, कोंडीरामला कधीच कळलं नाही. पण ऑफिसमधल्या एकाही माणसाविषयी कधी वाटला नाही एवढा आदर त्याला त्या माणसाविषयी वाटला.

आपली प्रत मात्र त्यानं तोवर उघडून कुणाला दाखवली नव्हती. मुंबईचा बाँड मिटल्याचं कळलं त्या दिवशी त्यानं खांबेट्यांना निरोप पाठवला, की खाली या आणि पत्र वाचून दाखवा. पहिली शिफ्ट सुटायची आणि दुसरी लागायची वेळ होती, शॉप माणसांनी भरलेलं. खांबेट्यांनी आढेवेढे घेतले. ‘म्या वाचू का मग? सावकाश वाचतो म्या. येकेक शब्द,’ असं कोंडीरामनं कळवल्यावर ते पँटची शिवण चिमटीत धरून आले.

ते पुटपुटायला लागले. ‘मोठ्यानं,’ कोंडीराम म्हणाला. तो आपल्या जागी बेडवर वाकलेला होता, हात कोपरापर्यंत निळे.

खांबेट्यांनी मोठ्यानं वाचलं. क्रमांक १००८ हा मालकांच्या आदेशावरून आणि आयात-निर्यात अधिकाऱ्यांच्या लेखी चिठ्ठीवरून ठोकण्यात आला. त्यात श्री. कोंडीराम बोराटे यांची कोणतीही चूक नव्हती. दिलेला मेमो मागे घेण्यात येत आहे. शॉपमध्ये कुणी हसलं नाही. भैरू वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून उभा होता. त्यानं हात जोडले नाहीत, नुसती मान खाली घातली.

खांबेटे कोंडीरामजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, ‘झालं ना मनासारखं? आता तो कागद मला परत द्या. असा बाहेर राहणं धोक्याचं आहे. तुमचं ते मुंबईचं प्रतिज्ञापत्र आणि हे पत्र एकमेकांशेजारी आलं ना, तर कंपनी गोत्यात येईल. मी गोत्यात येईन.’

‘ठाव हाय,’ कोंडीराम म्हणाला. ‘आना हिकडं.’

त्यानं खांबेट्यांच्या हातातून कागद घेतला. अंगठा पुसला, मग एकेक बोट, नीट, नखांच्या कडांपर्यंत. शेवटी अर्धी करंगळी. मालकाची सही निळ्याखाली गेली. कागदाचा बोळा करून त्यानं तो भंगाराच्या डब्यात टाकला.

‘अहो, रेकॉर्ड होतं ते!’ खांबेटे ओरडले. परत मागितलेला कागद नष्ट झाला, म्हणजे त्यांचीच सुटका झाली होती. पण सवयीनं त्यांच्या तोंडून तेच निघालं.

‘ज्येनी ऐकायचं त्येनी ऐकलं,’ कोंडीराम म्हणाला. मग त्यानं कंबरेची किल्ली काढून पंचांची पेटी उघडली. नव्या मॉडेलचा नववा लेथ पाटीसाठी थांबला होता. त्यानं नऊचा पंच हातात घेतला, खांबेट्यांकडे बघून विचारलं, ‘नऊच ना, साहेब? का आनखी काय शुभ निघालंय?’ आणि उत्तराची वाट न बघता ठोकला.